अंगणावर गट्टू, पोरांवर गृहपाठ

तीन वर्षांच्या पोराला गृहपाठ देणाऱ्या शाळेला आपण चांगली शाळा म्हणतो, आणि दुपारभर मातीत दुकान मांडून बसलेल्या पोराला वाया गेलेलं. अमरावती-अकोल्यातल्या शिकल्यासवरलेल्या घरांचा हा न्याय आहे. जो बाप स्वतः निंबाखाली चिचोके खेळत मोजायला शिकला, तोच आज लेकराला ‘कॉन्व्हेंट’मध्ये टाकतो, त्याच्या हातात वही कोंबतो आणि बोटं वळत नाहीत म्हणून चापट मारतो. वर सांगतो, हे सगळं त्याच्याच भल्यासाठी.

वऱ्हाडात हंगामाच्या दिवसांत पोरं कापूस बाजार खेळतात. एक अडत्या, एक मापारी, एक शेतकरी. खोक्याची बंडी, करवंट्यांचा काटा, निंबाचा पाला म्हणजे नोटा. ज्यांना पोरांच्या शिक्षणाची एवढी काळजी आहे त्यांनी हा बाजार एकदा बसून पाहावा. ‘पाच पानं कमी दिलीस’ म्हणून भांडणारी पोर वजाबाकी करत असते. भाव करणाऱ्याला समोरच्याचं ऐकावं लागतं, पटेल असं बोलावं लागतं. अडत्या झालेल्याला मनात आलं म्हणून मध्येच शेतकरी होता येत नाही. खेळ संपेपर्यंत मनाला मुरड घालावी लागते, आणि वर्गात बसायला याहून वेगळी कोणती तयारी लागते? त्यातही मोठी गोष्ट अशी, की इथे निंबाचं पान पान उरत नाही, ते दहाची नोट होतं. एक वस्तू दुसरीच्या जागी उभी राहू शकते हे ज्याच्या अंगवळणी पडलं, त्याला ‘क’ नावाची रेघोटी एका आवाजाच्या जागी उभी आहे हे उमजायला जड जात नाही. काठीचा घोडा करणारं मूल वस्तूपासून अर्थ सोडवून घेत असतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोट्स्की यांनी १९३३ सालीच मांडलं होतं. (या बाजारातला मापारी हमखास दांडी मारतो. ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं. त्याने आपल्याला पाहिलेलं असतं.)

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतच्या भुलाबाईत मुली डबा हलवून खाऊ ओळखायच्या. गोड की तिखट, कोरडा की ओला, असं विचारत एकेक शक्यता बाद करायच्या. विचार करण्याची ही पद्धत पुढे विज्ञानाच्या तासाला नव्याने शिकवावी लागते, कारण त्या संध्याकाळी आता ट्यूशन असते.

खेळातून मूल शिकतं, हे कळायला आपल्याला रशियापर्यंत जायची गरज नव्हती. ताराबाई मोडक लग्न करून अमरावतीच्याच एका वकिलाच्या घरी आल्या होत्या. पुढे त्या इथून गेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणात रमल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला, १९४५ मध्ये बोर्डीचं काम, आणि मग अनुताई वाघांसह कोसबाड. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पोरं गुरांमागे जातात, तर शाळाच कुरणात नेली. महागड्या साधनांवाचून काही अडलं नाही. पानं, बिया, खडे पुरले. त्यांनी घालून दिलेली अंगणवाडीची वाट १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेली. आणि आपण काय केलं? अंगणवाडी ही खिचडी वाटण्याची जागा ठरवली, सेविकेला नोंदवह्या आणि सर्वेक्षणांना जुंपलं आणि ऐपत असलेल्यांनी आपली पोरं तिथून उचलून नेली.

संस्थाचालकांना विचारा, ते म्हणतात, पालकांना भरलेल्या वह्या हव्या असतात. पालक म्हणतात, शाळाच देते. दोघंही खरंच बोलतात, आणि तेच लाजिरवाणं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा असं लिहिलेलं आहे. ते वाचून काही ठिकाणी भिंतीवर हत्ती रंगवला गेला.

बरं, खेळायचं म्हटलं तरी कुठे? लेआउट पाडताना जी ओपन स्पेस सोडावी लागते, तिच्यावर आधी देऊळ येतं, मग सभागृह, उरलेल्या जागेवर गट्टू बसतात. घरापुढेही गट्टूच, कारण चिखल घरात येतो. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला देशी खेळ दाखवले, याचा अभिमान सांगणाऱ्या शहरात चार वर्षांच्या पोराला खणायला हातभर माती सापडत नाही.

दुसऱ्या टोकाला माती भरपूर आहे, पण खेळ नाही. मेळघाटातली घरंच्या घरं मजुरीसाठी खाली उतरतात. कापूस वेचणाऱ्या आईमागे सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन फिरते. ती भातुकली मांडत नाही. तिची चूल खरी, मूल खरं, चटकाही खरा. तिला आपण ‘किती समजूतदार’ म्हणतो. शहरातल्या पोराचं बालपण आपण फी भरून संपवतो आणि हिचं फुकटात, आणि दोन्हीकडे कौतुकच करतो.

तेव्हा पुढच्या पालकसभेत इंग्रजी कविता ऐकून टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा, की आमची पोरं दिवसातून किती वेळ वर्गाबाहेर मातीत असतात. ओपन स्पेसवर पुढचं भूमिपूजन होण्याआधी सही करायला नकार द्या. आणि ज्यांच्या शेतात वेचणी चालते त्यांनी धुऱ्यावरच्या निंबाखाली गावातली एखादी म्हातारी बसवावी, तिला वेचणाऱ्या बाईइतका रोज द्यावा, कडेवरची पोरं तिच्याकडे सोपवावीत आणि त्या मुलीला चार तास मोकळं सोडावं. एवढा एक रोज जड जातो का, हे शेतमालकांनी चावडीवर उभं राहून सांगावं.