एकच आकडा सगळ्या तळ्यांना नको

अमेरिकेतल्या तळ्यांवर गळ टाकणाऱ्यांना क्रॅपी हा मासा फार प्रिय. चपट्या अंगाचा, पांढऱ्या चवदार मांसाचा. काळा आणि पांढरा अशा त्याच्या दोन जाती. बास मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणारे लोकही क्रॅपी मात्र घरी नेतात आणि तळून खातात. साहजिकच एका माणसाने दिवसाला किती न्यावेत, हा तिथला कायमचा वाद आहे. टेक्सासात २५ ची मुभा, मिनेसोटात १० ची. मिनेसोटाने २००३ साली ही मर्यादा १५ वरून खाली आणली, तरी वाद मिटलेला नाही.

एका बाजूचे म्हणणे असे: मोठे क्रॅपी दिसेनासे झाले, कारण लोकांची हाव वाढली, मर्यादा निम्मी करा, तळी सावरतील. यातली तळमळ खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. १५ चे १० केले की फरक पडतो तो आधी दहाहून जास्त नेणाऱ्यालाच. बहुतेक जण दिवसअखेर चार-दोन मासे घेऊन परततात. त्यांना १० काय आणि १५ काय! नियम बदलतो, पण पाण्यातून निघणारे मासे जवळजवळ तेवढेच राहतात.

शिवाय क्रॅपीची वीण मुळातच लहरी. एखाद्या वसंतात अमाप पिले जगतात, मग दोन-तीन वर्षे जवळपास काहीच हाती लागत नाही. अलाबामातल्या जलाशयांवर मॅसिना आणि स्टिम्पर्ट यांनी केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. विणीच्या आधीच्या हिवाळ्यात पाण्याची आवक भरपूर असेल, तर त्या वर्षीची पिढी दमदार निघते, असे त्यात दिसले. म्हणजे तीन वर्षांनी लोकांच्या पिशवीत काय पडणार, हे बऱ्याच अंशी पाऊस आणि धरणाचे दरवाजे आधीच ठरवून टाकतात.

किमान लांबीच्या नियमाचेही तसेच. ॲलन आणि मिरांडा यांनी १९९५ मध्ये दाखवले की, मासे झपाट्याने वाढत असतील आणि आपोआप मरणाऱ्यांचे प्रमाण कमी असेल, तरच हा नियम फळतो. मिसिसिपीतल्या ग्रेनाडा, एनिड यांसारख्या जलाशयांत क्रॅपी भराभर वाढतो, म्हणून तिथे १२ इंचांची अट शोभते. पांढऱ्या क्रॅपीचा ५ पौंड ३ औंसांचा जागतिक विक्रम १९५७ साली एनिडमध्येच नोंदला गेला. पण दाटीमुळे खुज्या राहिलेल्या माशांच्या तळ्यात हीच अट लावली, तर मासे त्या लांबीला पोचण्याआधीच म्हातारे होऊन मरतात. टेक्सासातल्या लेक फोर्कचा नियम तर ऐकणाऱ्याला उलटा वाटेल. तिथे हिवाळ्यात, लहान असो वा मोठा, पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो आणि तो दिवसाच्या २५ मध्ये मोजला जातो. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. सोडला तरी तो बहुधा जगत नाही. अशा ठिकाणी 'लहान आहे, सोडून द्या' म्हणणे म्हणजे मासा फुकट घालवणे.

मग दुसरी बाजू बरोबर का? ते म्हणतात, एक मादी हजारो, कधी लाखावर अंडी घालते. चढउतार निसर्गाचेच आहेत, तेव्हा मर्यादा हवीच कशाला? आणि दाखल्याला ते रेड लेक पुढे करतात.

रेड लेक हे मिनेसोटातले विस्तीर्ण तळे. त्याचा बराचसा भाग ओजिब्वे लोकांच्या रेड लेक बँडच्या हद्दीत येतो. १९९० च्या दशकात तिथला वॉलआय मासा अतिउपशाने कोसळला. शिकारी मासाच उरला नाही, तेव्हा १९९५ मध्ये जन्मलेली क्रॅपीची पिढी अफाट फोफावली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर लांबलांबहून माणसे लोटू लागली. पुढे ती पिढी म्हातारी झाली, वॉलआय परतला आणि क्रॅपीचा सुकाळ ओसरला. तो कोणत्याही आकड्याने टिकला नसता, इथवर मला मान्य आहे. पण त्याच पाण्यातल्या वॉलआयचे काय? बँडने १९९७ मध्ये आपली जाळी स्वतः थांबवली, १९९९ मध्ये राज्याशी करार झाला, वॉलआयची मासेमारी पूर्ण बंद राहिली, पिले सोडली गेली आणि २००६ मध्ये तळे पुन्हा खुले झाले. स्वतःच्याच पोटावर पाय देऊन बँडच्या लोकांनी संयम पाळला, म्हणून तो मासा आज आहे. रेड लेकचा दाखला देणाऱ्यांना ही अर्धी गोष्ट गाळण्याचा अधिकार नाही.

'लाखो अंडी' हा युक्तिवाद आणखी एका जागी मोडतो, तो लहान तळ्यांवर. हिवाळ्यात क्रॅपी खोल डोहात थवा करून राहतात. पूर्वी तो थवा शोधायला नशीब लागे. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीचे लाइव्हस्कोप हे यंत्र बाजारात आले आणि पाण्यातला मासा पडद्यावर हलताना दिसू लागला. कॅन्ससमधल्या सीडर ब्लफ जलाशयावरच्या प्रयोगात या यंत्राने हौशी माणसांना फारसा जास्त क्रॅपी मिळवून दिला नाही, हे मी लपवणार नाही. मात्र तो मोठा जलाशय होता आणि माणसे यंत्राला नवखी होती. शे-दोनशे एकरांच्या तळ्यात एकच डोह असतो. तिथे सराईत मंडळी आठवडाभर बसली, तर अनेक वर्षे वाढलेले मोठे मासे एका हिवाळ्यात संपू शकतात. नवी पिढी कधी येईल याचा भरवसा नसताना जुनी पिढी अशी उधळणे, याला मी निसर्गाचा चढउतार म्हणणार नाही.

म्हणून माझी मागणी तळ्यागणिक मर्यादेची आहे. ती अशक्य नाही. मिनेसोटाने २०२१ पासून अनेक तळ्यांवर सनफिश या माशासाठी ५ किंवा १० अशी वेगळी मर्यादा लावलीच आहे. त्यामागे कारणही नेमके होते: घरटे राखणारे मोठे नर काढून नेले की लहान नर वाढ सोडून लवकर वयात येतात आणि सारे तळे खुजे होते. नेमके कारण, नेमके तळे, नेमका आकडा, हीच शिस्त क्रॅपीला लावावी. एकाच डोहाच्या लहान तळ्यांवर हिवाळ्यापुरती ५ ची मर्यादा हवी, कारण तिथे प्रश्न उरलेल्या माशांच्या वाटपाचा आहे आणि शनिवारी येणाऱ्या पोरालाही त्यातला वाटा मिळायला हवा. ग्रेनाडा, एनिड धरून मिसिसिपीच्या चार मोठ्या जलाशयांवर मात्र आकड्यावरून भांडण्यात शक्ती घालवू नये. त्यांचे दरवाजे लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरच्या हाती आहेत. मासेमारांच्या संघटनांनी तिथे जाऊन बसावे आणि पूरनियंत्रणाला बाध न येता वसंतातली पातळी विणीचे आठवडे स्थिर ठेवता येईल का, एवढे लेखी मागावे.