नांगरलेल्या घराचा बाजारहाट

सकाळचे ८ वाजले की ग्रेट एग्झुमा बेटाजवळ उभ्या असलेल्या नौकांवरील रेडिओ एकदमच बोलू लागतात. हे बेट बहामा देशातील. त्यावर जॉर्ज टाउन नावाचे लहानसे गाव, आणि गावासमोर एलिझाबेथ बंदराचे निळे पाणी. अमेरिका व कॅनडा येथील कडाक्याची थंडी चुकवून आलेल्या शेकडो शिडाच्या नौका हिवाळ्यात येथे नांगर टाकतात आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, मुक्काम करतात. रेडिओच्या ७२ क्रमांकाच्या वाहिनीवर वाऱ्याचा अंदाज सांगितला जातो, दुकानदारांच्या सूचना होतात, कुणाचा पंप बिघडला असेल तर मदतीची विचारणा होते. ऐकणाऱ्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ. दुरून पाहणाऱ्यास त्यांचे जीवन म्हणजे अखंड सुट्टी वाटते. प्रत्यक्षात त्यांचा दिवस, नळ येण्यापूर्वीच्या खेड्यातील गृहिणीचा जसा जात असे, तसा जातो: पाणी भरणे, धुणे, धान्य साठवणे आणि पुन्हा पाणी भरणे.

पाण्याचा हिशोब सर्वांत कडक. भारतातील शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी रोज १३५ लिटर गृहीत धरून आखल्या जातात. त्या मापाने वापर केला, तर ४०० लिटरची टाकी असलेल्या नौकेवरील दोघांचे पाणी दीड दिवसात संपेल. तेच दोघे माणशी १० लिटरांत भागवू लागले, की तेवढीच टाकी २० दिवस पुरते. म्हणून कित्येक नौकांवर नळाऐवजी पायाने दाबायचा पंप असतो; पाय थांबला की धार थांबते. दूर स्वच्छ समुद्रात भांडी खाऱ्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळतात. कपड्यांना मात्र ही युक्ती चालत नाही. सुताच्या धाग्यांत राहिलेले मीठ हवेतील ओल शोषून घेते, आणि उन्हात कडक वाळलेला सदरा रात्री पुन्हा दमट होतो. धुण्याचे अखेरचे पाणी गोडेच हवे, आणि घराचा हिशोब नेमका तेथेच कोलमडतो. काहींकडे समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असते; पण ते पाणी हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट दाबाने पडद्यातून ढकलावे लागते, आणि तेवढी वीज सौरपत्र्यांतून मिळवावी लागते. ढगाळ आठवडा आला की यंत्र मुकाट बसते.

मग कॅन घेऊन गावात जाणे आले. नांगराच्या जागेपासून गावापर्यंत, कधी मैलभराचे अंतर, मोटर लावलेल्या लहान होडीतून जावे लागते. रस्त्यावरील पुलाखालच्या अरुंद वाटेतून होडी आत शिरली की लेक व्हिक्टोरिया नावाचे छोटेसे तळे लागते. त्याच्या काठी एग्झुमा मार्केट या किराणा दुकानाचा धक्का आहे. होडी येथे बांधता येते, आणि धक्क्यावरच्या नळाचे गोडे पाणी नौकावाल्यांना कित्येक वर्षे विनामूल्य मिळत आले आहे.

व्यापारी घरातील वाचक येथे क्षणभर थांबेल. या बेटावर नदी नाही. गोडे पाणी फुकट पडत नाही, ते तयार करावे लागते. तरीही दुकानदार त्याचे मोल घेत नाही. पाण्यासाठी आलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही, पीठ, डाळी, लिंबे घेऊनच जातो, हे खरे. पण एवढ्यावर ही रीत टिकली असे मानणे अपुरे होईल. हे गिऱ्हाईक आज आहे आणि वारा अनुकूल झाला की उद्या नाही. त्याच्यासाठी नळ उघडा ठेवणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या गरजेचा विचार विक्रीच्या आधी केलेला असतो. नौकावालेही त्याची जाण ठेवतात: नळाशी रांग असेल तर एकदोन कॅन भरून बाजूला होणे, होडी नळाखालीच बांधून न ठेवणे.

दुकानातील फळ्या भरण्याचे वेळापत्रक वेगळेच. नासाऊहून माल घेऊन येणारी मेलबोट आठवड्याने येते. ती आली की ताजी भाजी दिसते. वारा माजला आणि बोट अडकली, तर कोबीची जागा रिकामी. बहामाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचा, परंतु बहुतेक सर्व माल समुद्रमार्गे येत असल्याने भाव चढे. म्हणून जुनी जाणती मंडळी कोबी सुरीने कापत नाहीत. बाहेरचे पान एकेक सोलून घेतात, त्यामुळे गड्डा आठवडे टिकतो. हिरवे काहीच मिळाले नाही तर मुगाला मोड आणतात! पिठाच्या डब्यात तमालपत्र टाकण्याची चालही तेथे आहे. पुठ्ठ्याचे खोके मात्र नौकेवर कोणीच चढवत नाही. पुठ्ठ्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी असू शकतात. सामान धक्क्यावरच पिशव्यांत काढून घेतले, की पुढे फवारे मारण्याची वेळ येत नाही.

परतीची फेरी अधिक कठीण. येथे वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो, आणि पलीकडच्या स्टॉकिंग बेटाच्या आडोशाला उभ्या असलेल्या नौकेकडे जाताना तो समोरून येतो. लाटांचे तुषार होडीत उडतात, म्हणून साखर व पीठ प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधलेले असते. पाण्याचा भरलेला कॅन सुमारे २० किलोंचा. हलत्या होडीत उभे राहून तो हलत्या नौकेवर चढवायचा, तोही सत्तरीच्या माणसाने. हे जीवन सोडण्याची वेळ आणण्यास वादळच यावे लागते असे नाही. गुडघे पुरे होतात. नवराबायको त्याबद्दल मोठ्याने बोलत नाहीत. मोठे कॅन देऊन लहान कॅन घेतले जातात, आणि एका फेरीच्या दोन होतात.

सामान लागी लागले की चहा. चुलीचा गॅस हवेहून जड असतो. गळला तर नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने अनर्थ होऊ शकतो. म्हणून चुलीचे बटण बंद करून भागत नाही, सिलिंडरची तोटीही प्रत्येक वेळी बंद करतात. चहा झाल्यावर ती उठून तोटी फिरवते. तो वहीत लिहितो: आज पाणी चार कॅन, कोबी दोन, कणीक दहा दिवसांची. मेलबोट परवा.