संगणक पोहोचला, शिक्षकाचे काय?

इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देण्याचा निर्णय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यासाठी २०२६-२७ हे शैक्षणिक वर्षही मुक्रर करण्यात आले. घोषणेचे स्वागत झाले, ते स्वाभाविकच. मात्र नव्या युगाचे यंत्र वर्गात नेण्याचा देशातील हा काही पहिला प्रयत्न नव्हे. पहिल्या प्रयत्नाला चार दशके उलटली असून त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालयाने १९८४ मध्ये 'क्लास' हा प्रकल्प हाती घेतला. सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांची निवड झाली. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' हे संगणक त्यांना देण्यात आले. या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. पण अपयशाचे खापर यंत्रावर फोडणे न्यायाचे ठरणार नाही. कारण याच यंत्राने ब्रिटनमध्ये एक अख्खी पिढी घडवली.

तेथे १९८१ च्या अखेरीस यंत्र बाजारात आले आणि १९८२ च्या जानेवारीपासून बीबीसीने दूरचित्रवाणीवर संगणकाचे धडे देणारी मालिका सुरू केली. शाळांच्या खरेदीतील निम्मा भार सरकारने उचलला. त्याआधीच, १९८० पासून, शिक्षकांना तयार करण्याचा व पाठ्यसाहित्य निर्माण करण्याचा स्वतंत्र कार्यक्रम चालू होता. थोडक्यात, यंत्र सर्वांत शेवटी आले. आपल्याकडे ते आधी आले. सोबतचे बरेचसे सॉफ्टवेअरही ब्रिटनमधूनच आले. ते इंग्रजीत होते आणि येथील पाठ्यपुस्तकांशी त्याचा मेळ बसत नव्हता. संगणकाविषयीची भीती घालवणे हा उद्देश असल्याने हा विषय परीक्षेबाहेरच राहिला. परीक्षेत नाही ते वेळापत्रकात नाही, हा आपल्या शाळांचा अलिखित नियम! तरीही पुढील काही वर्षांत प्रकल्पातील शाळांची संख्या दोन हजारांपलीकडे नेण्यात आली.

महाराष्ट्रात २००१ नंतर 'एमएस-सीआयटी'ला मिळालेला प्रतिसाद या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगा आहे. तो अभ्यासक्रम शाळेतला नव्हता, शुल्कही भरावे लागे. परंतु मराठीतून शिकण्याची सोय होती, शेवटी परीक्षा होती आणि शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र उपयोगी पडत होते. त्यामुळे तालुक्याच्या गावीही केंद्रे चालली. त्यातील शिक्षण कितपत सखोल होते, हा वादाचा मुद्दा. पण लोक शिकले, हे नाकारता येणार नाही.

आज साधनांची स्थिती पूर्वीपेक्षा निश्चितच बरी आहे. २०२४-२५ च्या 'युडायस प्लस' अहवालानुसार देशातील सुमारे ६५ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे. इंटरनेटचे प्रमाणही जवळपास तेवढेच. याच अहवालातील दुसरा आकडा मात्र घोषणेच्या वेळी चर्चेत आला नाही. एक लाखाहून अधिक शाळांत एकच शिक्षक आहे. तिसरीचा वर्ग तोच घेतो, अन्य इयत्ताही तोच सांभाळतो आणि पोषण आहाराची नोंदवही तोच लिहितो. नव्या विषयाच्या प्रशिक्षणासाठी त्याला बोलावले, तर त्या दिवसांत शाळा कोण चालवणार, याचे उत्तर प्रशिक्षणाचे वेळापत्रक आखण्याआधीच द्यावे लागेल.