कुलूपबंद सरकी (धागा)

सप्टेंबर २००८ मध्ये ‘स्पोअर’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला. पैसे मोजणाऱ्या ग्राहकास तो केवळ ३ वेळा सक्रिय करण्याची मुभा होती. कुलूप फोडलेली प्रत मात्र प्रकाशनापूर्वीच फुकट फिरत होती आणि तिला कसलीही मर्यादा नव्हती. चोर मोकळा, ग्राहक बंदिस्त! माझे म्हणणे असे की, हेच कुलूप आपल्या बुलढाण्यात कापसाच्या सरकीत बसले आहे.

१८७० मध्ये लॉर्ड मेयोने जलंब-खामगाव लोहमार्गाचे उद्घाटन केले. त्या काळच्या वऱ्हाडी कापसाची सरकी पुढल्या पेऱ्यासाठी राखता येत असे. १९७० मध्ये सुरतेहून ‘एच-४’ हा संकरित वाण आला. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांच्याच रूपात. संकरिताची सरकी उगवते. पण झाडे एकसारखी येत नाहीत, आणि बीटी गुण काहींत उतरतो, काहींत नाही. प्रत काढाल तर ती बिघडलेली निघेल! ४५० ग्रॅमची पिशवी तेव्हा सुमारे १६०० रुपयांस होती. (तेच जनुक असलेला विनापरवाना ‘नवभारत १५१’ गुजरातेत २००१ मध्येच सापडला होता. स्पोअरची आठवण होते ना?)

२००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा हक्क देतो. वांझ बियाण्याच्या ‘टर्मिनेटर’ तंत्राला नोंदणी नाकारतो. पण जे राखून उपयोग नाही, ते राखण्याचा हक्क काय कामाचा?

संकरजोमाने उत्पन्न वाढते, संशोधनाचा खर्च निघायला हवा, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु संकरजोम खुलायला पाणी लागते, आणि आपली बहुतांश कपाशी कोरडवाहू. मृगाने दडी मारली की दुबार पेरणी, त्यापूर्वी नांग्या भरणे; प्रत्येक वेळी नवी पिशवी, नवे पैसे. गेमच्या ग्राहकास निदान ३ संधी होत्या.

चीनमध्ये बीटी गुण सरळ वाणांतही दिला गेला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही बीटी सरळ वाण तयार केले आहेत. आपल्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात त्यांची पिशवी एकदा मागून पाहा, आणि काय उत्तर मिळते ते याच धाग्याखाली लिहा.