शार्कदर्शनाचे मोल कोण चुकवितो?

सिमेंट कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या भिलाईलगतच्या जामुलपासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही प्रवास-सवलतीचे वर्ष उजाडले, की तेथील नोकरदार कुटुंबांत अंदमान, लक्षद्वीप आणि मालवण यांची चर्चा रंगते. दुर्ग-भिलाई परिसरातील मराठी घरांना तर मालवणची ओढ विशेषच. पूर्वी किल्ला पाहून व मासळीचे जेवण करून सहल पुरी होई. आता पाण्याखाली उतरून शार्क पाहण्याची हौसही तीत सामील झाली आहे.

ही हौस गैर नव्हे. शार्कविषयीची भीतीही आकड्यांशी ताडून पाहण्याजोगी आहे. डिवचले नसताना शार्कने माणसाला चावल्याच्या घटना जगभरात वर्षाकाठी साठ-सत्तरच्या आसपास घडतात आणि त्यांत सरासरी सहाएक माणसे दगावतात. उलट माणसाच्या हातून मरणाऱ्या शार्कांची संख्या २०१३ च्या एका अभ्यासाने वर्षाला सुमारे १० कोटी अंदाजिली होती. कोण कोणाचा भक्षक, हे सांगण्यास लेखापरीक्षक नको! (साहसी क्रीडांची जोखीम अनेक प्रवास-विमापत्रांतून वगळलेली असते, एवढे मात्र पाण्यात उतरण्यापूर्वी वाचून घ्यावे.)

पॅसिफिक महासागरातील पलाऊ या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने २००९ मध्ये आपले सारे सागरी क्षेत्र शार्कांसाठी अभय म्हणून घोषित केले. तेथील एक प्रवाळ-शार्क आपल्या आयुष्यात पर्यटनाला सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो, असा हिशेब पुढे संशोधकांनी मांडला. शार्क उशिरा वयात येतो व पिल्लेही थोडीच देतो. बँकेच्या भाषेत, हे मुद्दल एकदा खर्ची पडले की सहजी भरून येत नाही.

पलाऊचा धडा मालवणला जसाच्या तसा लागू पडत नाही. मालवणात लहान शार्काला मोरी म्हणतात आणि मोरीचे कालवण ही तेथील खासियत. सकाळी शार्क दिसावा म्हणून पाण्यात उतरणारा पाहुणा दुपारी तीच ताटात मागतो. मच्छीमाराला मात्र दोष देता येत नाही. मोरी बहुधा इतर मासळीबरोबर जाळ्यात येते आणि तिचे दोन पैसे होतात. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याला स्थानिकांचा विरोध झाला तो याच पोटाच्या प्रश्नामुळे.

व्हेल शार्कची कथा अधिक आशादायी आहे. हा अजस्र परंतु निरुपद्रवी मासा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. गुजरातेत २००४ पासून मोरारीबापूंनी त्याला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो मासे सोडून दिले. उपमेने मन वळते. फाटलेले जाळे मात्र पैशानेच विणले जाते. तेथील वनखाते म्हणून भरपाई देते. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित जलचर सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली.

ही रक्कम सरकारी तिजोरीतून जाते, हेच खटकते. पाण्याखालच्या अर्ध्या तासासाठी काही हजार मोजणाऱ्या पर्यटकाचा तीत थेट वाटा नाही. प्रत्येक बुडीमागे अल्पसा आकार घेऊन तो स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेच्या स्वतंत्र खात्यात जमा करावा आणि जाळे कापल्याची खातरजमा होताच त्यातून आगाऊ रक्कम द्यावी, असे सुचवावेसे वाटते. भरपाई यथावकाश येईल, परंतु ऐन हंगामात जाळ्यावाचून नौका किनाऱ्याला पडून राहते आणि तिच्यावरील कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच येतो.