वाघोलीचे जार आणि गर्भातला मेंदू

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, यांस,

30 जून 2021 रोजी जी 23 गावे महापालिकेत आली, त्यांत वाघोली होती. पुरेशा नळपाण्याची वाट ती अजून पाहते आहे. वापरायला टँकर, प्यायला जार, असा इथल्या कित्येक सोसायट्यांचा दिनक्रम. नगर रस्त्याकडेला उन्हात उभ्या टेम्पोत वीस लिटरचे जार तापतात आणि दुपारी घरोघर पोहोचतात. गरोदर बायकाही तेच पाणी पितात.

यांतले कडक, निळसर पारदर्शक जार बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटचे असतात आणि पॉलिकार्बोनेट बनते बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीएपासून. जार तापला, घासून जुना झाला की बीपीएचा अंश पाण्यात उतरतो. शरीरात तो इस्ट्रोजेनसारखा वागतो. मोठ्या माणसाच्या लघवीवाटे तो बहुतांशी दिवसभरात निघून जातो. गर्भात मात्र मेंदू घडत असतो, तोही संप्रेरकांच्या सांगण्यावरून. मुलग्याच्या गर्भात आठव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन वाढते. त्यातल्या काहीचे अरोमाटेज हे विकर मेंदूतच इस्ट्रोजेन करते. मुलीत हे प्रमाण निराळे. त्यामुळे एकच रसायन दोघांवर सारखे काम करील, असे धरून चालत नाही.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या 2009च्या अभ्यासात, आईच्या लघवीत बीपीए जास्त असल्यास दोन वर्षांच्या मुली अधिक आक्रमक दिसल्या. न्यूयॉर्कमध्ये 2012 साली आक्रमकता मुलग्यांत आढळली. 2024 साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने बोट ठेवले ते अरोमाटेज कमी असलेल्या मुलग्यांवर: आईच्या शरीरात बीपीए जास्त असलेल्यांत दोन वर्षांच्या वयात स्वमग्नतेची लक्षणे असण्याची शक्यता साडेतीन पट निघाली. हे संबंध आहेत, सिद्ध झालेले कारण नव्हे. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 साली बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली, ती उगाच नाही.

भारतीय मानक ब्युरोने 2015 साली बाळाच्या दुधाच्या बाटलीतून पॉलिकार्बोनेट हद्दपार केले. चांगलेच झाले. पण बाटली हाती येण्याआधीचे नऊ महिने आईच्या पाण्याकडे कोणी पाहायचे?

गरोदर आईकडे असे लक्ष ठेवण्याचे काम पुण्याला नवे नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या चमूने 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. आईच्या पोटातल्या महिन्यांचा मुलाच्या पुढच्या मधुमेहाशी काय संबंध, हे जगाला सांगणाऱ्यांत हे शहर पुढे होते.

आयुक्तसाहेब, दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची लघवी तपासली जातेच. वाघोलीत नाव नोंदवतानाच, आणि पुढे दर तिमाहीत, तिचा एक नमुना काचेच्या बाटलीत वेगळा काढावा, बीपीए आणि थॅलेट हे प्लास्टिकातले दुसरे रसायन तपासावे. उन्हात ठेवलेल्या जारचे पाणीही तपासावे. पुढे मुलांची वाढ तपासताना मुलगे-मुली यांच्या नोंदी वेगळ्या मांडाव्यात. तोवर आशाताईंनी घरोघर सांगावे: पाणी स्टीलच्या भांड्यात किंवा माठात साठवा, गरम चहा पिशवीतून आणू नका. आणि प्यायचे पाणी नळाने कधी येणार, त्याची तारीख वाघोलीकरांना लेखी कळवावी.

कळावे,
एक वाघोलीकर