पत्र्याखाली बसवलेली मुले

मार्च लागला की आमच्या उदगीर तालुक्यात शाळा सकाळची होते. पण अकराच्या सुमारास पत्र्याच्या वर्गात तापलेल्या तव्याखाली बसल्यासारखेच वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर मास्तरकी केल्यावर सांगतो, उन्हाळ्यात पत्र्याखालची पोरं पेंगतात. पावसाळ्यात सर आली की मास्तरांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नाही. आणि ‘ढ’ ठरतं कोण, तर पोरगं!

पूर्वी इकडची घरे माळवदाची. लाकडी खण, जाड भिंती, खाली शहाबादी फरशी. भर वैशाखातही आत गारवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली आणि दगडमातीवरचा भरवसा उडाला. भीती रास्तच होती. पण जीव घेतले ते मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी लाकडी खण उभे राहिले. आपण मात्र दगडमातीबरोबर लाकूड, बांबू, चुना सगळेच हाकलले आणि पत्रा, सिमेंट, ऑइलपेंट घेऊन बसलो.

ऑस्ट्रियातल्या एका शाळेत काही वर्गांना आतून लाकूड लावून वर्षभर मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. नेहमीच्या वर्गांपेक्षा लाकडी वर्गातल्या मुलांचे ठोके संथ आढळले. पाहणी लहान होती, तिच्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. मला जास्त पटते ती बुर्किना फासोतल्या गांदो गावची शाळा. फ्रान्सिस केरे यांनी 2001 मध्ये आपल्याच गावात ती बांधली. ऊन आपल्यासारखेच, पैसा आपल्याहून कमी. गावकऱ्यांच्या हातून मातीच्या विटांच्या भिंती आणि छत, आणि त्याच्या वर उंच उचललेला पत्रा. मधल्या पोकळीतून वारा वाहतो, उष्णता बाहेरच्या बाहेर जाते. पुढे 2022 मध्ये केरेंना वास्तुकलेतले प्रतिष्ठेचे प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले.

आपल्याला पत्रा काढायचीही गरज नाही. त्याच्याखाली हात-दीड हात जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करा, पोकळीच्या दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवा. वरून पत्र्याला चुन्याचा पांढरा हात द्या, दर उन्हाळ्याआधी. तट्टे विणणारे बुरूड आपल्याच भागात आहेत. त्यांच्याही हाताला काम मिळेल. बांबू मात्र वाळवीपासून जपलेला हवा आणि वायरिंग पाइपातूनच न्यायला हवे. आग लागली तर पुन्हा सारा दोष बांबूच्या माथी!

‘बोलक्या भिंती’ रंगवायला आपल्याकडे पैसे निघतात, उद्घाटनाचा फोटोही छान येतो. छताचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून ते तसेच राहते. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना माझी विनंती आहे: पुढची बैठक एप्रिलमध्ये, दुपारी, वर्गातच पत्र्याखाली घ्या. पंखा बंद ठेवून. आणि छताचा ठराव करूनच उठा.